भावना या रकान्यात

भुसावळच्या रेल्वे हॉस्पिटलात, प्लास्टरच्या खोलीशेजारी
मला मिळालेली खोली आधी चादरींची होती.
अजून फिनेलचा वास येतो,
आणि मे महिन्यात दुपारी कूलर
आमच्यापेक्षा मोठ्यानं बोलतो.

रुबाब तडवी, मालगाडीचे लोको पायलट,
वय एक्केचाळीस, मूळ गाव यावलकडचं.
साहेबांची चिठ्ठी घेऊन आले: 'कौन्सेलिंग करून घेणे.'
टाके घालून घेणे, तसं.

"मले काही आजार नाही," म्हणाले,
"फक्त निंभोरा सुटलं का
हात हॉर्नवरून निघत नाही."

मी आधी कागद दिला. तीन रकाने:
घटना, विचार, भावना.
वर्गात शिकले तेव्हा सोपी वाटली होती
मनाची ही वाटणी.
आठवड्यानं त्यांनी घडी घालून परत आणला.
घटना: किलोमीटर, वेळ, स्पीड पंचावन्न.
विचार: हॉर्न दिला. ब्रेक लावला. पुन्हा हॉर्न दिला.
भावना: गाडी बावीस मिनिटं लेट.

मी हसले नाही. तेच हसले, थोडं.

मग श्वास. चार मोजत आत,
सहा मोजत बाहेर.
इमानदारीनं केलं त्यांनी, डोळे मिटून,
आणि उघडल्यावर म्हणाले,
"प्रेशर बनून नाही राहिलं, ताई.
पाइप लीक आहे कुठंतरी.
अशा वक्ताले पूर्ण गाडी पायी पाहावी लागते, एकेक डबा."
पाहू, म्हटलं.
अठ्ठावन्न डबे.
एकात बारावीचा निकाल, एकात सासऱ्याशी धरलेला अबोला,
एकात तापीच्या पुलावरची पहिली रात्रपाळी.
बरेच रिकामे निघाले.
रिकामेही उघडून पाहिले.

एकदा हमीदाबाईंना बोलावलं.
पदर सावरत त्या खालीच बघत होत्या.
"झोपेत माहं मनगट धरून ओढतात,
पार शेवटपर्यंत.
मी सोडवत नाही.
थांबू दे म्हणते गाडी."
यावर मी काय म्हणायचं होतं
ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.
मी वहीत 'कुटुंब सत्र, एक' लिहिलं.

मंगळवारी रनिंग रूममध्ये गट.
सात खुर्च्या, कपबशा.
अर्धा तास भरताच्या वांग्यांवर,
यंदा बियाच जास्त, यावर एकमत.
मग बोंडे मामा, रिटायरमेंटला आठ महिने,
बशीत बघत म्हणाले, "माहे पाच."
कोणी विचारलं नाही, पाच काय.
तडवींनी आपला चहा त्यांच्या कपात अर्धा ओतला.

रिकाम्या खुर्चीचा प्रयोग मी पुढं ढकलत होते.
नाटकी वाटेल, वाटायचं.
शेवटी समोर ठेवली. म्हटलं,
समजा, तो इथं बसलाय.
ते उठले. खुर्ची उचलून
खिडकीकडं तोंड करून ठेवली.
"पाठच होती त्याची माह्याकडे.
तोंड पाह्यलंच नाही मी."
मग त्या पाठीशी बोलले, बराच वेळ.
कूलर मी बंद केला होता.
काय बोलले ते नोंदीत नाही,
इथंही लिहिणार नाही.

बरे झाले का, साहेब फोनवर विचारतात.
सध्या यार्डात शंटिंगला आहेत, मी सांगते.
निंभोऱ्यापर्यंत एकदा जाऊन आले,
सहायकाच्या सीटवर बसून.
कागद अजून आणतात.
परवाच्या कागदावर, भावना या रकान्यात
काहीतरी लिहून खोडलंय,
उजेडाला धरलं तरी वाचता येत नाही.
मी तो तसाच फायलीत लावला.

आज कॉलेजातली एक मुलगी आली, पहिल्यांदाच.
बॅग मांडीवर घट्ट.
"ती खुर्ची अशी का ठेवलीय?"
असू दे, म्हटलं.
बाहेर लिंबाखाली कोणी इंजिनची वाट बघत
डबा उघडून बसलं होतं.
ती खिडकीकडं बघत राहिली.
मी कागद काढला नाही.